खलनायकाच्या कानातली शिट्टी

ज्या माणसाने त्या एपिसोडची वाट लावली, त्याच्यावर मी अजून चिडलेली आहे. चार वर्षं झाली. मैत्रिणी म्हणतात, कार्टून होतं गं, सोड ना आता. मी सोडलेलं नाही.

मुळात तो एपिसोड मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाचवीत होते. घाटकोपरला डोंगरउतारावरच्या वस्तीत आमची एक खोली होती. पप्पा अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवर कामाला होते. सकाळची पाळी करून ते दुपारी चारच्या सुमारास घरी यायचे, तेव्हा मी टीव्हीसमोर बसलेली असायची. एक जुनी परदेशी कार्टून मालिका हिंदीत लागायची. मुखवटेवाला सुपरहिरो, त्याचं उंच इमारतींचं शहर आणि दर वेळी नवा खलनायक. पप्पांना त्यात काडीचा रस नव्हता. त्यांना टीव्हीचा आवाजच धड ऐकू यायचा नाही. प्रेसने त्यांचे कान खाल्ले होते. वर कानात चोवीस तास एक बारीक शिट्टी वाजायची. कारखान्याच्या डॉक्टरने सांगितलं, वयामुळे होतं. पप्पा तेव्हा अडतीस वर्षांचे होते.

त्या दिवशीच्या एपिसोडमध्ये हिरो जवळपास नव्हताच. सगळी गोष्ट खलनायकाची होती. तो भोंगे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला असतो. तयार झालेला प्रत्येक भोंगा वाजवून तपासायचा, एवढंच त्याचं काम. एक दिवस त्याच्या कानात शिट्टी सुरू होते आणि थांबतच नाही. मालक म्हणतो, कानाला काही झालेलं नाही, तुझ्या डोक्यात बिघाड आहे. त्याला काढून टाकतात. मग तो आवाज गिळणारं एक यंत्र बनवतो. आधी मालकाचा आवाज गिळतो, मग गाड्यांचा, शाळेच्या घंटांचा, शेवटी समुद्राचा. सगळं शहर मुकं होतं. बोलू शकणारा तो एकटाच उरतो. तो एका रिकाम्या नाट्यगृहात जातो, मधल्या रांगेत बसतो आणि सुखाने डोळे मिटतो.

आणि आपल्याला ती शिट्टी ऐकू येते. बारीक, सरळ, न थांबणारी. पडद्यावर नुसता त्याचा चेहरा. तो डोळे उघडतो. त्याला कळतं, की शहराचा काही संबंधच नव्हता. पाऊण मिनिट कुणी एक शब्द बोलत नाही. मुलांच्या कार्टूनमध्ये पाऊण मिनिट! मग हिरो येतो, त्याचे ओठ हलतात, आवाज येत नाही. खलनायक पळत नाही, मारामारी करत नाही. त्याच्याकडे बघून एवढंच विचारतो, "तुम्हाला येतेय का ऐकू?"

पप्पा खांद्यावर टॉवेल टाकून मोरीकडे निघाले होते, ते तसेच उभे राहिले. एपिसोड संपला तेव्हा म्हणाले, "याला कुणी इचारलंच नाही बघ." मग म्हणाले, "पुन्हा लागलं तर हाक मार मला." मी वर्षभर वाट पाहिली. तो एपिसोड पुन्हा लागला नाही.

पुढे मी डबिंगच्या धंद्यात आले. परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहायचे, पात्रांच्या ओठांच्या हालचालीत बसतील असे. अंधेरीच्या एका छोट्या स्टुडिओत काम करायचे. तिथे डबिंगचा दिग्दर्शक होता, पन्नाशीचा, कामात तरबेज, सगळ्यांना अरे-तुरे करणारा. एका अ‍ॅपसाठी जुनी सुपरहिरो मालिका मराठीत करायचं काम आमच्याकडे आलं. तीच मालिका. यादीत तो एपिसोड दिसला तेव्हा मी घरी जाऊन पप्पांना सांगितलं, "तुमचा एपिसोड येतोय. मी लिहिणार आहे."

इथे मला माझंही एक सांगायला हवं. आमचं मूळ परभणीकडचं. घरात आई-पप्पा तिकडचंच बोलतात. मालिकेच्या पहिल्याच आठवड्यात मी गल्लीतल्या दोन चोरांच्या तोंडी ती बोली टाकली. स्टुडिओत सगळे पोट धरून हसले. दिग्दर्शक म्हणाला, "झकास! हेच पाहिजे." मग मी टाकतच गेले. पाकीटमार, पहारेकरी, खलनायकाचे मूर्ख चेले, सगळे माझ्या आईसारखे बोलायला लागले. हिरो मात्र वर्तमानपत्रासारखा बोलायचा. मला कौतुक आवडत होतं, म्हणून मी त्यावर विचार केला नाही.

या एपिसोडचे संवाद मी तीन आठवडे लिहिले. खलनायकाला साधी, थकलेली मराठी दिली. त्याचा आवाज द्यायला मढच्या कोळीवाड्यातले एक काका होते. आयुष्य नाटकांत गेलेलं, भारदस्त गळा. त्यांनी पहिल्याच टेकला "तुम्हाला येतेय का ऐकू?" अशा काही आवाजात म्हटलं, की काचेच्या अलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट मान खाली घालून बसला.

दिग्दर्शक म्हणाला, "मेलंय हे. पोरं अ‍ॅप बंद करतील. याला तुमच्याकडचं बोलायला लाव."

"कुणाकडचं?"

"तुमच्या तिकडचं यार. कामून, लई, काय ते. आणि तो गप्प बसलाय ना, तिथे बडबड टाक. स्वतःशी काहीतरी विनोदी बोलतोय असं."

"सर, तो गप्प आहे हाच तर एपिसोड आहे."

"मला शिकवू नकोस."

"त्याचे कान गेलेत. त्यात हसण्यासारखं काय आहे?"

तो खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागला. "इतके दिवस तूच लिहीत होतीस ना? तेव्हा हसू येत होतं. आज काय झालं? अचानक तुमच्या लोकांच्या भावना दुखावल्या?"

'तुमच्या लोकांच्या' हे त्याने जरा हळू म्हटलं. आम्ही कोण, कुठले, १४ एप्रिलला मी सुट्टी का घेते, हे त्याला नीट माहीत होतं. माझे कान तापले. सगळ्यात जास्त चीड आली ती याची, की त्याचं पहिलं वाक्य खरं होतं.

"मी लिहिणार नाही," मी म्हणाले.

"नको लिहूस. त्यात काय आहे एवढं, मी लिहितो."

त्याने तिथेच पाठकोऱ्या कागदावर लिहिलं आणि काकांना आत पाठवलं. काकांनी काचेतून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बोलले. "कामून वरडू लाले रे तुमी?" हेल काढून, नाकातून. शांततेच्या जागी बायकोवरचा एक विनोद, सासूवरचा एक, पादण्याचा एक. दिग्दर्शक मांडीवर थाप मारून हसला. मी पर्स उचलली. काका मागोमाग जिन्यापर्यंत आले.

"पोरी, रागावू नकोस. आमच्या बोलण्यावर काय कमी हसलेत? मला पण कोळ्याचे विनोदी रोल करायला लावलेच की."

"मग तुम्हाला तर कळायला पाहिजे होतं काका."

ते काही बोलले नाहीत. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

एपिसोड अ‍ॅपवर आला तेव्हा मी घरी काहीच बोलले नाही. पण पप्पांनीच शोधून काढला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर टॅब घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. आता त्यांच्या दोन्ही कानांत ऐकायचं मशीन असतं. मी म्हटलं, "पप्पा, नका बघू, चांगला नाही झालेला." ते म्हणाले, "मला बघू दे गं."

त्यांनी सगळा पाहिला. विनोद आले तेव्हा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. शेवटी विचारलं, "हे तू लिव्हलं?"

"नाही. मी भांडले आणि काम सोडलं."

"आपल्यासारखं बोलतंय ते."

"हो."

"आन् मागच्या भागांतले ते चोरबिर? ते बी आपल्यासारखंच बोलतेत. मी बघितलेत."

मला वाटलं होतं, त्यांनी मागचं काही पाहिलं नसेल. त्यांनी एकूण एक भाग पाहिले होते, मी लिहिते म्हणून.

"ते मी लिहिलेत," मी म्हणाले.

पप्पांनी दोन्ही कानांतली मशिनं काढून मांडीवर ठेवली, मला तो नाट्यगृहाचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला आणि त्यांच्या शांततेत पाहिला. म्हणजे शांततेत नव्हेच. त्यांना काय ऐकू येत होतं, ते मला माहीत आहे. मूळ कार्टूनच्या चित्रकाराने काढलेला चेहरा कुणालाच बिघडवता आला नव्हता. डोळे उघडताना त्या माणसाच्या भुवया जराशा वर जातात, बस्स. पप्पांनी तीनदा पाहिलं.

मला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून आजपर्यंत मी काय लिहिते, हे त्यांनी विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्या दिग्दर्शकाचा फोन आला. आता मालाडला त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे. नवी मालिका आहे, लेखक हवाय, म्हणाला. आवाजात जुनी ओळख, जसं काही घडलंच नव्हतं.

मी विचारलं, "तो भोंग्यांचा एपिसोड आठवतो का?"

"कुठला गं?"

मी त्याला सगळं सांगितलं. पप्पांची प्रेस, डॉक्टर, टॉवेल, सगळं. त्याने मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "अगं, मला काय माहीत तुझ्या वडिलांचं? तेव्हा बोलायचंस ना."

"माहीत असतं तर बदललं असतं?"

"नसतं," तो म्हणाला. "चाललं ना ते. लोकांना आवडलं."

निदान खोटं तरी बोलला नाही. पण त्यामुळे माझा राग कमी झाला असं काही नाही. मी काम नाकारलं. हल्ली दुसरीकडे लिहिते. माझ्या संवादांत परभणीकडचं बोलणारी माणसं अजून असतात, त्यात एक शास्त्रज्ञ बाई आहे, एक जहाजाचा कप्तान आहे. परवा एका निर्मात्याने विचारलं, कप्तान असं कसं बोलेल? मी म्हटलं, बोलतो. त्याने ते वाक्य बदलायला सांगितलं. मी पुन्हा तसंच लिहून पाठवलंय.