एकवीस दिवसांची खोली

तिला सगळे टोपीताई म्हणत. तिच्याहून वयाने मोठी असलेली माणसंही म्हणत आणि तिच्या लेकीच्या वयाची पोरंही. काम एवढंच, की थंडी ओसरली की लोकांच्या फेल्टच्या हॅट घ्यायच्या, साफ करायच्या, उन्हाळाभर सांभाळायच्या आणि गार वारे सुटले की ज्याच्या त्याला परत द्यायच्या.

"टोपी सांभाळायला माणूस कशाला लागतो? खुंटीला अडकवली की झालं," असं कुणी म्हणालं की ती त्याचीच हॅट हातात घेई आणि माथ्यावर खुंटीने आतून काढलेलं टेंगूळ दाखवी.

"हे तुमच्या डोक्यावरचं आहे की खुंटीचं?"

पुढचा हॅट तिच्याकडेच ठेवून जाई.

एकोणिसाव्या वर्षी ती हॅटच्या कारखान्यात लागली होती. फेल्ट विणत नाहीत. सशाचे केस नाहीतर लोकर वाफेवर दाबून-चोळून एकजीव करतात. तयार हॅटवरची लव एका दिशेने बसवायची, हे शेवटच्या टेबलावरचं काम तिच्याकडे होतं. पुढे कारखाना बंद पडला. त्याच वर्षी नवरा गेला. हाताशी राहिले तीन ब्रश, एक केटली आणि डोक्याच्या मापाचे चार लाकडी साचे. लेक तेव्हा दुसरीत होती. रडत बसायला फुरसत नव्हती, म्हणून तिने दुकान उघडलं.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीची खिडकी उत्तरेला, कारण ऊन फेल्टचा रंग खातं. मागच्या खोलीत भिंतभर फळ्या. त्यांवर हॅट उलट्या, माथ्यावर उभ्या. कडेवर ठेवली तर कड चपटी होते. पोटात पातळ कागदाचे बोळे, वरून धुतलेली मलमल. काळ्या हॅटला काळा ब्रश, फिक्या हॅटला फिका. ब्रश फिरायचा तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट, हलक्या हाताने. ओली हॅट कुणी शेगडीजवळ वाळवून आणली, तर ती त्याला अशी काही झापायची, की बिचारा पुन्हा पावसात निघताना आधी छत्री शोधायचा.

अंगणाच्या पलीकडे आणखी एक टीचभर खोली होती. ती तिला 'पाहुणी खोली' म्हणे. बाहेरून आलेली कुठलीही हॅट आधी एकवीस दिवस तिथे, एकटी, बंद खोक्यात. पहिल्या दिवशी अंगणात झटकायची, आतली चामड्याची पट्टी उलटून बघायची, आणि मग दर आठवड्याला पुन्हा. हे सगळं कसरीसाठी. लोकर खाणारी ही अळी तांदळाच्या कणीएवढी असते, पण एकदा फळीवर शिरली की साठ हॅटची चाळण करते. बावीस वर्षांत तिने हा नियम कुणासाठी मोडला नव्हता. एका न्यायाधीशाची हॅटसुद्धा एकवीस दिवस कोठडीत राहून आली, असं ती हसत सांगे.

मग लेकीचं लग्न झालं.

घर चांगलं मिळालं. व्याही जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, बोलके, थट्टेखोर. त्या वर्षी थंडी सरताच ते आपली बदामी हॅट घेऊन स्वतः दुकानात आले. सोबत लेकही होती.

"काय विहीणबाई, आता घरचंच दुकान म्हटल्यावर रांग नाही ना लावायची?"

"तुम्हाला कसली रांग? बसा."

"बसतो. पण आमच्या हॅटला जागा चांगली द्या. खिडकीतली सीट द्या."

"माझ्याकडे खिडकीतली सीट वाईट समजतात, व्याही. ऊन लागतं."

ते खळखळून हसले. तिने ब्रश फिरवला, कड तपासली. आता पट्टी उलटायची. आत घामाचे डाग असणार, दोन-चार केस असणार. व्याह्यांच्या देखत ते सगळं उघडं करायचं, हे तिच्या जिवावर आलं. तेवढ्यात त्यांनी अंगणापलीकडे बोट दाखवलं.

"ती खोली कसली?"

तिने नियम सांगितला.

"अरे बापरे! म्हणजे आमच्या डोक्यात किडे आहेत म्हणता?"

ते हसतच बोलले होते. पण लेकीने आईकडे असं पाहिलं, की टोपीताईच्या तोंडून भलतंच निघालं, "छे, छे! ते परक्यांसाठी." आणि तिने व्याह्यांची हॅट थेट मागच्या खोलीत नेऊन मधल्या फळीवर ठेवली. शेजारी गावच्या बँडमास्तरांची, तिच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाची, काळी हॅट होती.

भीड ही भिकेची बहीण, असं तिची आईच म्हणायची. ते तिला त्या दिवशीही आठवलं होतं. आठवून उपयोग झाला नाही, एवढंच.

उन्हाळ्याच्या मध्यावर सगळ्या हॅट खाली काढून तपासायच्या, असा तिचा रिवाज. मधल्या फळीशी येऊन तिने मलमल उचलली. बँडमास्तरांच्या हॅटवर लव खरवडल्यासारखे तीन माग होते आणि माथ्याच्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढं आरपार भोक. व्याह्यांच्या हॅटची पट्टी तिने आता उलटली. आत रिकाम्या कोषांची रांग होती, आणि फेल्ट तर जाळीसारखं झालं होतं. माग कुठून कुठे गेलाय ते दिसायला भिंगाची गरज नव्हती.

ती स्टुलावर बसली. पाच मिनिटंच. मग उठून तिने एकूणएक हॅट प्लास्टिकच्या पिशव्यांत हवाबंद केल्या आणि कोपऱ्यावरच्या आइसक्रीमवाल्याकडे गेली. त्याच्याकडे एक जुना मोठा फ्रीझर पडून होता. कडाक्याच्या थंडीत अळी मरते. पण एकदा गोठवून भागत नाही. बाहेर काढायचं, थांबायचं आणि पुन्हा गोठवायचं.

"ताई, साठ हॅट?" आइसक्रीमवाला म्हणाला. "गिऱ्हाइकाने विचारलं तर कुठला फ्लेवर सांगू?"

"काही सांगू नकोस. झाकण घट्ट लाव."

पंधरा दिवस तिने फळ्या गरम पाण्याने पुसल्या, फटी ब्रशने खरवडल्या, मलमल उकळली. बाकीच्या हॅट वाचल्या होत्या. बँडमास्तरांची तिने दुरुस्त करायला घेतली. कडेच्या खालच्या बाजूची लव वस्तऱ्याने तासली, ती भुकटी लाखेच्या द्रावणात भिजवून भोकात भरली, वाफ दिली, बोटाने दाबली, वाळवली, पुन्हा भरली. चार दिवसांनी भोक होतं कुठे, हे तिला स्वतःलाच बोटाने चाचपून शोधावं लागलं. कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रीने पाठ थोपटली असती असं काम.

लेक त्या दिवशी आली होती. तिने हॅट उजेडात फिरवून पाहिली.

"आई, काही म्हणजे काही दिसत नाहीये. मिटलं की मग."

"त्यांना सांगावं लागेल."

"कशाला? सांगितलंस तर ते विचारणार, कसर आली कुठून. मग? बँडमास्तरांना कळलं की सगळ्या गावाला कळलं. माझे सासरे रोज त्या बँडच्या बागेत फिरायला जातात. मला तिथे राहायचंय, आई."

"मी तुझ्या सासऱ्यांचं नाव घेणार नाही."

"आणि दुकान? कसर लागलेलं दुकान म्हटल्यावर कोण येईल?"

लेकीचं काही चुकत नव्हतं. आईने एवढं कसबाने झाकलेलं आईनेच उघडं का करावं, हा साधा प्रश्न होता. ती रोज तो मनात घोळवत राहिली. दुकानात शिरताना लोक काय बघतात? फळ्या बघत नाहीत, ब्रश बघत नाहीत. हॅट काउंटरवर ठेवतात, "सांभाळा हं" म्हणतात आणि पाठ फिरवून जातात. बावीस वर्षं ती या पाठ फिरवण्यावरच जगली होती. त्या पाठीमागे काय घडलं, ते आता तिला ठाऊक होतं आणि मास्तरांना नाही, हे तिला दिवसेंदिवस जड जाऊ लागलं. दुसरीकडे लेकीचा चेहरा. दोन्ही पारडी सारखीच वजनदार.

गार वारे सुटले आणि पहिल्याच आठवड्यात बँडमास्तर आले. उंच, किंचित वाकलेले, आवाज मात्र तुतारीसारखा. लेक काउंटरपाशी कागद दुमडत होती.

"टोपीताई, माझी लाडकी आहे ना सुखरूप? रविवारी बागेत कार्यक्रम आहे."

तिने हॅट काउंटरवर ठेवली. बँडमास्तरांनी हात पुढे केला. तिने हॅट सोडली नाही.

"मास्तर, आधी ऐकून घ्या. तुमच्या हॅटला कसर लागली होती. इथे, माझ्या फळीवर. या जागी आरपार भोक होतं. मी भरलंय."

त्यांनी चष्मा लावला, हॅट खिडकीपाशी नेली, फिरवली, पुन्हा फिरवली. "कुठे?"

तिने त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "म्हणजे न सांगता दिली असतीत, तर मला जन्मात कळलं नसतं?"

"नसतं."

"मग सांगितलंत कशाला? आता रविवारी हात वर केला की मला तेच आठवणार!" त्यांचा आवाज चढला. "बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, हॅट ठेवायची तर टोपीताईकडे. आणि तुमच्या त्या एकवीस दिवसांच्या खोलीचं काय झालं? कुणाची हॅट सोडलीत आत?"

"ते नाही सांगणार. दार मी उघडलं, चूक माझी."

"असा कोण लागून गेलाय?"

कागदाची सळसळ थांबली. लेक म्हणाली, "माझे सासरे."

टोपीताईने वळून पाहिलं. लेकीचे कान लाल झाले होते, पण ती बोलायची थांबली नाही. "त्यांनी थट्टा केली आणि मी आईकडे डोळे वटारले. आई माझ्यासाठी गप्प बसली. रागवायचंच तर मलाही रागवा."

बँडमास्तरांनी चष्मा काढला. मग एकदम खुर्चीत बसले.

"व्याही," ते म्हणाले. "माझा व्याही माझ्याच बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. माहीत आहे?"

"नाही."

"सात वर्षं वाजवतोय. बेसूर! पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. मुलीचं नुकतंच लग्न झालेलं, कसं सांगणार? मग दुसऱ्या रांगेत ढकलला. मग तिसऱ्या. आता मागे रांगच उरली नाही, झाड आहे."

लेकीला हसू फुटलं. टोपीताईलाही आलं, पण तिने ते ओठांतच ठेवलं.

"पुढच्या वर्षी हॅट आणेन की नाही, ते आज सांगत नाही," मास्तर उठत म्हणाले. "राग आहे मला. पण तुम्ही सांगितलंत, हेही सांगेन चारचौघांत." हॅट डोक्यावर ठेवून ते गेले.

ते खरोखरच तसं वागले. त्यामुळे काही गिऱ्हाइकं तुटली आणि काही नवी जोडली गेली. पण तो पुढचा भाग. त्या दुपारी टोपीताईने दुकानाला कुलूप लावलं आणि व्याह्यांची जाळी झालेली हॅट खोक्यात घालून ती निघाली. ही तिने दुरुस्त केलीच नव्हती. दुरुस्त करण्याजोगी ती राहिलीही नव्हती.

"मी सांगू का?" वाटेत लेकीने विचारलं.

"नको. तू नुसती शेजारी उभी राहा."

व्याह्यांनी दार उघडलं. "या, या विहीणबाई! हॅट घरपोच? वा! बसा, चहा टाकायला सांगतो."

"चहा नंतर. आधी एक सांगायचंय, ते उभ्यानेच सांगते." आणि तिने सांगितलं. पट्टी उलटून दाखवली, पाहुणी खोली चुकवली ती आपणच, हेही सांगितलं.

व्याह्यांनी हॅट हातात घेतली. भोकातून त्यांचं एक बोट आरपार गेलं. थट्टा सुचेना, तेव्हा ते पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे... किडे आमच्याच घरचे?"

"हो."

आतून भांडी ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ लेकीच्या सासूचा.

"ऐकलंत? दोन वर्षं ओरडतेय, स्वेटरांना भोकं पडतायत म्हणून! तर म्हणे, धुताना फाटतात. ताई, तुम्ही आत या हो. कपाट उघडते, तुम्हीच बघा एकदा."

टोपीताईने पदर खोचला आणि आत गेली.