आमेनची जागा

कवळीकाकांना गल्लीत सगळे ओळखतात, पण दुकान म्हणावं असं त्यांच्याकडे काही नाही. दातांच्या दवाखान्यामागे एक खोली आहे, तिथे ते कवळ्या करतात. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात. काका त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततात, मेणात दात रोवतात, मग मेण काढून त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरतात. भिंतीवरच्या फळीवर चाळीसेक जबडे आ वासून बसलेले असतात. निम्मं शहर माझ्या दातांनी हसतं, असं काका सांगतात. स्वतः फारसे हसत नाहीत.

नवी कवळी घेतलेला माणूस चार दिवसांत तक्रार घेऊन येतो. बोलताना शीळ वाजते, 'स' घसरतो, घरचे टिंगल करतात. काका त्याला खुर्चीत बसवतात आणि साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात. रोज दहा वेळा मोजा, पंधरा दिवस धीर धरा. तीस वर्षांत हा सल्ला वाया गेलेला नाही.

काकूंना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं, तेव्हा म्हणूनच सगळ्यांत कमी घाबरले ते काका. जीभ हलत होती, ओठ मिटत होते, घास गिळता येत होता. म्हणजे तोंड शाबूत आहे, बाकी सवयीचा प्रश्न. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी समजावलं की बिघाड तोंडात नाही, मेंदूत आहे. काकूंना शब्द कळतात, पण ऐन वेळी सापडत नाहीत. काकांनी सगळं ऐकून मान डोलावली आणि बाई गेल्यावर काकूंना साठपासून मोजायला बसवलं.

त्या घरात जेवणाआधी प्रार्थना होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून वाटणी ठरलेली होती: प्रार्थना काकांनी करायची, आमेन काकूंनी म्हणायचं. इस्पितळातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी काका 'येशूच्या नावाने मागतो' इथवर आले आणि थांबले. काकूंचे ओठ हलले. आवाज आला नाही. काकांनी मनात शंभर आकडे मोजले आणि अंडं सोलायला घेतलं. आमेन त्यांनी म्हटलं नाही. ते तिचं आहे, ती म्हणेल, मी देवाकडे तेच मागतो आहे; मीच म्हणून टाकलं तर मागितलं कशाला, असं त्यांनी चर्चमधल्या मंडळीच्या पाळकांना सांगितलं.

हे चार वर्षं चाललं. दिवसातून तीनदा. काकूंना तयारीला वेळ मिळावा म्हणून प्रार्थना लांबत गेली. आधी अन्नाबद्दल आभार, मग गल्लीतले आजारी, मग प्रवासाला गेलेले, मग पाळकांचा गुडघा, आणि शेवटी 'हिची जीभ मोकळी कर'. मग थांबणं. डोळे मिटलेले असावेत असा नियम, पण काका एक डोळा किलकिला ठेवून काकूंच्या ओठांकडे बघत. तोवर सूप थंडगार होई.

बुधवारच्या प्रार्थनासभेत दर आठवड्याला काकूंचं नाव घेतलं जाई. ज्याची मागणी पूर्ण होई तो उभा राहून साक्ष देई. लोकांना नोकऱ्या लागल्या, नातवंडं झाली, एकाचा मुतखडा पडला. काका प्रत्येकासाठी मनापासून आभार मानत. पण सगळी मंडळी आमेन म्हणे तेव्हा त्यांचे ओठ मिटलेले असत. काहींना वाटे, काका देवावर रुसलेत. रुसवा नव्हता. शंकाही नव्हती. ती असती तर त्यांच्याशी वाद तरी घालता आला असता.

रविवारी मेहुणी जेवायला येई. काकूंची धाकटी बहीण, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ.

"भावोजी, देव बहिरा नाही," ती म्हणे, "आणि ताईही नाही. आम्ही दोघी भुकेल्या मात्र आहोत."

काका ऐकून घेत आणि पुढच्या आजाऱ्याकडे वळत.

अशाच एका रविवारी काका पाळकांच्या गुडघ्यापर्यंत पोचले, तो ओलांडून पुढे गेले आणि म्हणाले, "आणि प्रभू, हिची जीभ..."

"पुरे."

आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ. मेहुणीच्या हातातला चमचा ताटलीत पडला आणि ती रडायला लागली. काकांनी दोन्ही डोळे उघडले. काय पुरे, त्यांनी विचारलं. सूप पुरे? काकूंची मान हलली नाही. त्यांनी डावा हात उचलला, काकांच्या जोडलेल्या हातांवर ठेवला आणि ते हात एकमेकांपासून सोडवले.

"पुरे," त्या पुन्हा म्हणाल्या.

संध्याकाळच्या आत बातमी पाळकांकडे पोचली. बुधवारी काकांनी साक्ष द्यायची, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. बुधवारी काका गेलेच नाहीत. सभा सुटल्यावर मेहुणी तणतणत घरी आली, तर ते स्वयंपाकघरात बसलेले. चार वर्षं जे तोंड उघडावं म्हणून मागितलं, ते उघडलं आणि त्यातून हे आलं. तिला माझी प्रार्थनाच नको आहे का, त्यांनी विचारलं.

मेहुणी आली होती भांडायला. ती खुर्ची ओढून बसली.

"मी तीस वर्षं पोरांना फळ्यापाशी उभं केलंय, भावोजी. ज्याला उत्तर येत नाही त्याला रोज तीनदा उभं करा, तो शाळा सोडतो. ताईला पळायला जागा नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी हात जोडले नाहीत. अंडं सोललं, मीठ लावलं, काकूंच्या ताटलीत ठेवलं.

काकूंनी ते खाल्लं नाही. लुळा हात दुसऱ्या हाताने उचलून टेबलावर घेतला, त्यावर डावा ठेवला, डोळे मिटले आणि वाट बघत बसल्या.

काकांना समजायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "प्रभू, या अन्नाबद्दल आभार. आमेन."

दोन्ही त्यांनीच म्हटलं. काकूंनी डोळे उघडले आणि अंडं तोंडात घातलं.

काकूंना आता सहा शब्द येतात. चहा, नको, बहिणीचं नाव, आणखी दोन, आणि सगळ्यांत जास्त वेळा पुरे. आमेन त्यांत नाही. काकांनी मागणं सोडलेलं नाही. ते आता कवळ्यांच्या खोलीत मागतात, पॉलिशची मोटर चालू करून, दार लावून. घरी मात्र आभार दोन ओळींत आटोपतात आणि सूप गरम असतं.