बारशाच्या कापडाचा सूड

ताराचंद निमजे हा डूख धरणारा माणूस. सख्ख्या साडूने एकदा त्याच्या हातच्या धोतराला जाडंभरडं म्हटलं, तर हा गडी साडूच्या तेरवीलाही गेला नाही. त्याच्या नाकावर बोट ठेवलं तरी चालायचं, त्याच्या कापडावर नाही. कोष्ट्यांच्या गल्लीतले हातमाग बंद पडले तेव्हा त्याने कळमेश्वरच्या कारखान्यात पाळ्या केल्या, रिटायर झाल्यावर दिघोरीच्या पुढे चार खोल्या बांधल्या आणि मागच्या खोलीत बापाचा माग पुन्हा उभा केला. विकत घेणारं कुणी नसलं तरी विणत राहायचा.

मिनल, त्याची एकुलती एक लेक, जर्मनीत बाळंत झाली. निमज्यांच्या घरात पहिलं नातवंड आजोबाच्या मागावरच्या कापडावर निजवायचं आणि मगच नाव ठेवायचं, असा नेम. म्हणून मिनलने बारसं आईबाप येईपर्यंत थांबवलं होतं. ताराचंदने पांढरंशुभ्र कापड विणलं, त्याला लाल करवतकाठ घातला. डोळे आता धागा धरत नव्हते, हे शेवटचंच. कापड उतरलं आणि माग त्याने भंगारवाल्याला देऊन टाकला.

मिनलने फोनवर बजावलं होतं, बाळाची कातडी नाजूक आहे, खळ लावू नका. ताराचंद हो हो म्हणाला आणि त्याने तांदळाची पेज चुलीवर चढवली. विणकराच्या घरातून बिनखळीचं कापड बाहेर जाणं म्हणजे त्याला उघड्या अंगाने बाजारात गेल्यासारखं वाटे. पेज लावून कापड त्याने घरामागच्या सांदवाडीत दोरीवर ताणलं आणि चहा प्यायला आत आला.

वानरं तिकडे रस्त्यापलीकडच्या वडावरून यायची-जायची. सांदवाडीत कधी उतरली नव्हती. त्या दिवशी मात्र एक मादी भिंतीवर बसली होती, पोटाला पिल्लू, मांडीवर कापड, आणि ती लाल काठ चोखून पेज खात होती. ताराचंद ओरडत धावला, त्याने दुसरं टोक धरलं. तिनेही सोडलं नाही. मधोमध चर्रकन फाटलं. अर्धं घेऊन ती मुंगण्याच्या झाडावर चढली आणि वरून दात दाखवले.

ते दात त्याच्या काळजात रुतले. सुभद्रा, त्याची बायको, उरलेलं अर्धं हातात घेऊन बघत होती. वास पेजेचाच लागला, पोरगी नको म्हणत होती, असं ती बोलून गेली. खरं होतं, म्हणून तो जास्तच पेटला. मग ती समजुतीने म्हणाली, "अवो, लेकरू एवढंसं हाय. अर्ध्यावर मावते. मी काठ शिवून देतो."

"माया नातीले अर्धं कापड? भीक हाय का?" ताराचंद म्हणाला. "हे त्या बयेलेच खाऊ घालतो. मी तिले सोडत नाही."

सुभद्राच्या माहेरची, भिवापूरची मिरची जर्मनीला न्यायला बांधून ठेवली होती. त्याने ती पुडी सोडली, खलबत्त्यात कुटली, नव्या पेजेत कालवली. आयुष्यात एवढं मन लावून त्याने कुठल्या कापडाला खळ लावली नसेल. धागा न धागा चोळला. रात्रभर त्याला गुदगुल्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी बॅगा ओसरीत लागल्या, टॅक्सी यायची होती, आणि हा मागच्या खिडकीला डोळा लावून बसला. मादी आली. तिने दोरीवरचं कापड हुंगलं, मान मागे घेतली. शहाणी होती. पण पोटाचं पिल्लू सुटलं, टुणकन दोरीला लोंबकळलं आणि त्याने काठ तोंडात कोंबला.

ते किंचाळलं. त्याने त्याच हातांनी डोळे चोळले आणि आणखी किंचाळलं. आई त्याला छातीशी धरून त्याचं तोंड चाटू लागली. तिची जीभ भाजत होती, ती डोकं झटकत होती, तरी चाटत होती. कालपासून दाबून ठेवलेलं हसू ताराचंदला आलंच नाही. पाण्याचं घमेलं घेऊन तो धावला, तशी ती भेदरून पिल्लासकट भिंतीपलीकडे गेली. बराच वेळ रडणं ऐकू येत होतं. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

जर्मनीत मिनलने दारातच विचारलं, बाबा, कापड आणलं ना? वानराने फाडलं, असं सुभद्राने सांगितलं.

"अर्धं वानरीनं फाडलं," ताराचंद म्हणाला. "बाकीचं मी नासवलं."

मग तो हात धुवायला गेला. आला, नातीकडे पाहिलं, पुन्हा गेला. मिनल लेक पुढे करून उभी होती. इतक्या वेळा कशाला धुता, घ्या ना, असं ती म्हणाली.

ताराचंदने हात पाठीमागे घेतले. "राहू दे वं बाई," तो म्हणाला. "लेकराच्या डोळ्यात जाईल."