मागच्या सीटवरची आई

माझी मुलगी माझ्या थोरल्या जावेला आई म्हणते आणि मला मम्मी. ऐकणाऱ्याला यात काही वाटत नाही. मला वाटतं. माझा जीव नुसता जळतो.

तसं बघितलं तर कुणाचं काही चुकलेलं नाही. नवऱ्याची नोकरी लातूरला आणि माझी शाळा किनवटच्या पुढं जंगलातल्या गावात. लेकरू दीड वर्षाचं असल्यापासून लातूरला, जावेजवळ. ह्या जावेला मी अक्का म्हणते; माहेर तिचं देवणीकडचं. अक्काचा मुलगा तिला आई म्हणतो, त्याचं ऐकून ही पण म्हणायला लागली. मी जमेल त्या शनिवारी लातूर गाठायची आणि रविवारी दुपारी लेकरू झोपलं की बॅग उचलून हळूच निघायची. आमच्या घरची रीतच ती. सासूबाई म्हणायच्या, लेकराला सांगून निघू नये, मागं लागतं. सगळ्यांनीच तसं केलं, मीही केलं.

यंदा दिवाळीच्या आधी किनवटला दोन खोल्यांचं बरं घर मिळालं, शेजारी अंगणवाडी. मी जाहीर करून टाकलं, आता माझी मुलगी माझ्याजवळ राहणार. नवरा म्हणाला, एकदम नेऊन सोडलं तर घाबरेल, सगळे मिळून फिरायला म्हणून जाऊ, सहस्रकुंड बघू, माहूरगड बघू, आणि येताना तिला तुझ्याकडं ठेवू. सगळे म्हणजे अक्का आलीच. तिच्याशिवाय पोरगी गाडीत बसायची नाही, हे कुणी बोललं नाही, पण माहीत सगळ्यांना होतं.

मला मानानं पुढची सीट दिली. मागं अक्का, तिचा सात वर्षांचा मुलगा आणि तिच्या मांडीवर माझी चार वर्षांची मुलगी. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, नांदेडला चहा झाला, आणि तोवर माझी मान मागं बघून बघून आखडली. मागं नुसती खिदळाखिदळी. विजेचे खांब मोज, बकऱ्या मोज, ट्रकच्या मागं लिहिलेलं वाच. मी म्हटलं, "मम्मीला पण सांग की, काय दिसतंय?" तर म्हणते, "तुला दिसत नाही का?" नवरा हसला. त्याच्याकडं असं बघितलं मी, की त्यानं गपचूप गिअर बदलला.

"तू ये मागं, मी बसते पुढं," अक्का म्हणाली.

"नको, बरी आहे मी इथं." आता ताठा म्हणजे ताठा. मागं जाऊन तिथंही पोरगी माझ्या मांडीवर आली नसती तर?

भोकर सोडल्यावर डोंगर सुरू झाले. आमच्या लातूरकडं डोळे फुटेस्तोवर सपाट रान, तुरी आणि सोयाबीन. इकडं सागाची झाडं, टेकडीमागं टेकडी, उतारावर कापूस फुटलेला. रोजची बघितलेली वाट, पण त्या दिवशी मला ती माझी वाटत होती. हे माझं, हे मी दाखवतेय, असं सारखं तोंडावर येत होतं. पोरगी आ वासून बघत होती आणि प्रत्येक वेळी म्हणत होती, "आई, ते बघ!" आई म्हणजे कोण, ते सांगायला नको.

सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकांवरून कोसळत होती. तो आवाज ऐकून पोरगी दचकली आणि वळून पळत सुटली. मी समोरच होते. खाली बसून दोन्ही हात पसरले होते मी. माझ्या खांद्याला घासून ती पुढं गेली आणि अक्काच्या निऱ्यांत तोंड खुपसून उभी राहिली. मी तशीच हात पसरून, येड्यासारखी. मग उगीच सँडलचा बेल्ट नीट केला. चारचौघांत आणि काय करणार?

रात्री किनवटला मुक्काम केला आणि सकाळी माहूरला निघालो. घाटाच्या वळणांवर पोरगी कोमेजली. मी खास तिच्यासाठी मेडिकलमधून औषध आणलेलं, ते तिनं थुंकून टाकलं. अक्कानं कमरेच्या पिशवीतून आवळ्याचा तुकडा काढला, तो मात्र चघळला. मी चिडून म्हटलं, "आणा इकडं तिला," आणि दोन सीटच्या मधून ओढून मांडीवर घेतलंच. पुढच्याच वळणावर तिनं माझ्या नव्या ड्रेसवर भडाभडा उलटी केली. खरं सांगते, मला कोण आनंद झाला! म्हटलं, बघा, माझ्या अंगावर केली. नवरा रुमाल शोधतोय, अक्का पाण्याची बाटली पुढं करतेय आणि मी माखलेली बसून मनातल्या मनात मिरवतेय. तेवढ्यात पोरगी मान मागं टाकून म्हणाली, "आई, तोंड धू माझं."

गडावर गेल्यावर खाली दरीत धुकं होतं, मधूनच हिरवे डोंगर वर येत होते. अक्कानं देवीची ओटी भरली. पायऱ्यांवरच्या बांगडीवालीनं पोरीच्या हातात बांगड्या चढवत अक्काकडं बघून म्हटलं, "लेक अगदी तुमच्यावर गेली बघा."

"माझी आहे ती," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन, कारण चार बाया वळल्या.

"व्हय बाई, हिचीच हाय," अक्का हसून म्हणाली. त्या हसण्यानं तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांडली असती तर बरं वाटलं असतं. भांडणाला तरी कुणी बरोबरीचं लागतं.

दुपारी किनवटला परत आलो. जेवणं झाली. आता त्यांनी निघायचं आणि पोरीनं राहायचं. नवऱ्यानं मला डोळ्यानं खुणावलं, तिला मागच्या दुकानात ने, गोळ्या घेऊन दे, तोवर आम्ही निघतो. मी तयारच होते. लवकर जाऊ देत एकदाची, असंच झालं होतं मला. पोरीचा हात धरून निघाले तर अक्का उंबऱ्यावर बसली.

"न्हाई. मी सांगून जाणार."

"अक्का, आकांत करेल ती."

"करू दे. पळून जाणं मला जमायचं न्हाई."

तिनं पोरीला समोर उभं केलं आणि सरळ सांगितलं, "हे बघ, मी लातूरला चालले. तू मम्मीजवळ राहायचंस. सुट्टी लागली की मी येणार." पोरीला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं असा हंबरडा फोडला की शेजारची बाई बाहेर आली. अंगणात लोळली, अक्काच्या साडीला धरून ओढलं, मी उचलायला गेले तर मला लाथा. अक्काचा मुलगा गाडीत बसून रडायला लागला. नवरा किल्ली हातात घेऊन उभा, कुठं बघावं ते त्याला सुचेना.

माझा बांध फुटला. मी म्हटलं, "बघा, केवढं रडतेय तुमच्यासाठी! अडीच वर्षं झाली अक्का, माझ्यासाठी एकदा तरी रडली का ती? मी निघाले की हिला पत्ताही नसतो."

अक्का डोळे पुसत होती. पुसायची थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली.

"कोण म्हणलं तुला, रडत न्हाई म्हणून?"

"मला दिसतं ना."

"काय दिसतंय तुला? तू तर तिच्या झोपेत जातीस." तिचा आवाज चढला; एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला मी. "उठली की पहिलं तुझी जागा चाचपडती. मग न्हाणीघर बघती, गच्ची बघती, कपाट सुद्धा उघडती. मग दारात बसती. उचलू देत न्हाई, घास घेत न्हाई, रडून रडून उलटी करती. प्रत्येक रविवारी. माझ्या मांडीवर बसून तुझ्या नावानं रडती, आन् मी तिला थापटत राहिले. मला काय गोड लागत होतं?"

"मला कधी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू नोकरीवर गेली असतीस का?"

अक्का उठली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसली. ह्या वेळी पुढच्या सीटवर. गाडी वळली, सागाच्या झाडांआड गेली. पोरगी माझ्या हातांतून सुटून फाटकापर्यंत धावली आणि तिथंच मातीत बसून रडत राहिली. मी शेजारी बसले. बराच वेळ आम्ही तशाच. तिचा घसा बसला होता, नुसता फुसफुस आवाज येत होता. तिला पाणी तरी द्यावं म्हणून मी उठले.

तिचं रडणं एकदम थांबलं. "कुठं चाललीस?"

"पाणी आणायला, बाळा. आत."

ती उठली, माझ्या मागं मागं स्वयंपाकघरात आली आणि माठातून पाणी भरेपर्यंत माझी ओढणी मुठीत घट्ट धरून उभी राहिली. पाणी प्यायली. ओढणी सोडली नाही. मग पुन्हा तोंड उघडून अक्कासाठी रडायला लागली.