जिऱ्यांचं पहिलं जेवण

माशांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना जिरे म्हणतात, एवढं मला भंडाऱ्यालाच ठाऊक होतं. आम्ही तळ्यावरचीच माणसं. पण हे जिरे पहिला घास कशाचा घेतात, ते कळायला मला पार सांगली जिल्ह्यात यावं लागलं.

शाळा आठवीतच सुटली होती. मोठेपणी काम मिळालं ते इथल्या एका मत्स्यबीज केंद्रावर. मालक फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे उंब्रजचे. सगळे त्यांना मामा म्हणत. चोपण, खारवट जमिनीत ऊस येईना म्हणून त्यांनी तिथं तळी काढलेली. त्यातलं एक माझ्यावर सोपवलं. "शेण टाक, पाण्यात बारीक जीव धरतील, मग जिरे सोडू."

उशीर झाला तर घरी पाठवतील, या धास्तीनं मी सांगितल्यापेक्षा पाच दिवस आधीच शेण टाकलं, आणि बोलले नाही.

केंद्रातल्या हौदात माशांची अंडी फुटली त्या सकाळी मी माझ्या तळ्याचं पाणी बादल्या भरभरून कापडी जाळीतून गाळलं. खालच्या नळीत जाड थर! टुणटुण उड्या मारणारे जीव! धावतच सुटले. "मामा, लय झालेत!"

मामांनी नळी उजेडात धरली. "शेण कवा टाकलंस?"

सांगितलं.

"आगं, पावनं यायच्या आदी पाच दिस ताटं वाढून बसलीस व्हय? ह्या पाण्यातल्या पिसवा. बारक्या जीवांचं खाणं ह्यांनीच संपिवलं, आन् ह्या जिऱ्याच्या तोंडात मावायच्या न्हाईत."

"मग आता?"

"जिरे तीन दिस पोटातल्या बलकावर जगत्यात. तेवढ्यात तळं सुधार. रडायचं तर काठावर रड, पाणी खारट करू नगंस."

दोन दिवस मी जाळं ओढत होते. निघालेल्या पिसवा शेजारच्या तळ्यातल्या बोटभर माशांना टाकल्या. त्यांची चंगळ झाली. मामांनी दुसऱ्या, नव्यानं भरलेल्या तळ्यातलं, बारीक जीव धरलेलं पाणी आणून ओतलं, वर मी शेणाचा पातळ काला.

तिसऱ्या सकाळी मामांनी सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या तळ्यातल्या पाण्याचा थेंब ठेवला. शाळेत तो मी कुलपातच पाहिलेला. डोळा लावला आणि ओरडलेच. काचेसारखे जीव, डोक्यावर दोन चक्रं गरगर फिरताहेत! चक्रं नव्हेत, बारीक केस हलतात म्हणून तसं दिसतं, मामा म्हणाले. ह्यांना रोटिफर म्हणतात. त्या भोवऱ्यात हिरवे कण ओढले जात होते. एकीच्या शेपटीशी अंडं चिकटलेलं. मी सतरा मोजले, मग पुन्हा पहिल्यापासून. फोन भिंगाला लावून काढलेला व्हिडिओ आईला पाठवला. लगेच तिचा फोन. "हे काय होय वं माय, भिंगरी?"

जिरे सोडले. दुपारी मामांनी त्यातला एक काढून भिंगाखाली ठेवला. अंग आरपार दिसणारं, आणि पोटात, अगदी स्पष्ट, तेच रोटिफर.

"मामा, खाल्लं! ह्यानं खाल्लं!"

"मग काय तर. जा, आता तूबी जेव. तीन दिस बघतोय, भाकरी तशीच माघारी नेतीस."

मी हो म्हणाले, आणि आणखी एक थेंब ठेवला.