उंदराच्या मेंदूतला ट्रक

आता ही फजिती शास्त्रशुद्ध भाषेत कशी मांडावी, तुम्हीच सांगा! पुराव्याशिवाय मी शेजारणीच्या आमटीचंही कौतुक करत नाही. आणि मीच…!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्यात पीएच.डी. करत होते. विषय: उंदराच्या मेंदूतलं, रिसेप्टर टायरोसिन कायनेज कुळातलं एक जनुक. मेंदूच्या कोणत्या भागात ते काम करतं, हा प्रश्न; माझा संशय हिप्पोकॅम्पस या भागावर. नावाची अक्षरं टी-आर-के. प्रयोगशाळेत आम्ही लाडानं त्याला 'ट्रक' म्हणायचो. जनुक असेल तिथं फिल्मवर डाग, म्हणजे 'सिग्नल', उमटतो; त्या निकालाची वाट पाहत यावलला घरी आले, तर सुतकी शांतता! वडिलांची, म्हणजे आबांची, केळी घेऊन मालेगावला निघालेला ट्रक ड्रायव्हरसकट बेपत्ता. वखारीतले मुनीम दगडूभाऊ शोधायला गेलेले. आबांच्या घशाखाली घास उतरेना.

फोन खणखणला. नुसती खरखर, त्यात धुळ्याकडची बोली. माझा प्रयोगशाळेतला सहकारी दिलीप धुळ्याचाच, म्हणजे फोन त्याचाच!

"ताई, ट्रक सापडला!"

नाचावंसं वाटलं, पण शिस्त म्हणजे शिस्त. "कुठं? हिप्पोकॅम्पसमध्ये?"

"हा, कॅम्पमाज शे!"

"सिग्नल?"

"एक चालू शे, बाकी बठ्ठा बंद!"

एकाच जागी सिग्नल, बाकी सगळं बंद! याहून नेमका निकाल असतो का? "आणि कंट्रोल?"

"कंट्रोल सुटेल व्हता. आते ठीक शे."

तुलनेसाठी ठेवलेली मेंदूची चकती काचेवरून सुटते कधीकधी. पटलं.

"बठ्ठासना जीव वाचला, ताई!"

"माझासुद्धा!" म्हणत मी फोन ठेवला. "आबा, ट्रक सापडला!"

आबांनी देवापुढे हात जोडले. डोळ्यांत पाणी! "पोरी, जीव भांड्यात पडला माझा!"

मी थक्क. जनुकशास्त्र वडिलांच्या इतकं जिव्हाळ्याचं? लगेच पुण्याला मार्गदर्शक मॅडमना फोन लावला.

"मॅडम, हिप्पोकॅम्पसमध्येच! सिग्नल अगदी नेमका!"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग, "अगं, फिल्म अजून फ्रीजरमध्ये आहे. धुतलेलीसुद्धा नाही!"

इकडे मागून आबा समाधानानं घास चावत म्हणाले, "कॅम्पात ना? मग दगडूला विचारायचं होतंस, मालेगाव कॅम्पात केळी उतरवून घेतली का म्हणून?"

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकाच क्षणी, बठ्ठा भागांत!

"बोल ना," मॅडम अडून बसल्या, "फिल्म वाचली कोणी?"

खोटं बोलणं मला कधीच जमलं नाही.

"केळीच्या वखारीतल्या मुनीमांनी, मॅडम."