असो आणि आसा

माझे वडील होड्या बांधायचे. मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी आमची वाडी. साठ सालानंतरच्या एका भर पावसाळ्यात ते विषमज्वराने गेले. खाडीला उधाण आलेलं. डॉक्टर उशिरा पोचला, पाद्री त्याहून उशिरा. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. माय त्यांच्या उशाशी बसून त्यांच्या कानात एकच वाक्य सांगत राहिली: "दोमिनुस वोबिस्कुम, दोमिनुस वोबिस्कुम." मिसाच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी फादर लोकांकडे वळून म्हणत, ते वाक्य. लॅटिनचा तेवढाच तुकडा तिला धड येत होता.

तिला अक्षरओळख नव्हती. पण मिसाचं लॅटिन तिला फार प्रिय होतं. पहाटेच्या मिसाला आम्ही दोघी धुक्यातून जायचो. फादर वेदीकडे तोंड करून पुटपुटत असत, मेणबत्त्यांभोवती धुराची वलयं तरंगत, आणि ते न कळणारे शब्द ओहोटीच्या पाण्यासारखे हळूहळू पायांवरून सरकत जात. मी अर्धवट झोपेत तिच्या खांद्यावर डोकं टेकायची. तिचे ओठ हलत असत. एकदा मी विचारलं, "माय, तू काय म्हणतंस गो?"

"माझा माझाच," ती म्हणाली. "तो तिकडे बोलता, मी हडे बोलतंय. कोण कोणाक आडवत नाय."

गायीचं दुखणं, नारळाचं घटलेलं पीक, पोटातच गेलेला माझा भाऊ, असं सगळं ती त्या लॅटिनच्या आडोशाला देवाशी बोलून घेई.

वडील गेले त्या वर्षी, नाताळाआधीच्या आगमनकाळात मीस मराठीत आलं. वेदी पुढे ओढली होती, फादर आता आमच्याकडे तोंड करून उभे होते. सगळे बुजल्यासारखे बसले होते. फादरांनी हात पसरले आणि म्हणाले, "प्रभू तुम्हांबरोबर असो." जे इतकी वर्षं ऐकलं, ते हेच होतं तर.

परतताना धुकं अजून माडांत अडकून होतं. मायने विचारलं, "ता वोबिस्कुम म्हणजे ह्या काय गो? असो म्हणजे आसा मां?"

आसा म्हणजे आमच्या बोलीत 'आहे'. मी मराठी शाळेत व्याकरणात पहिली येत होते. मोठ्या ऐटीत म्हणाले, "आसा नाय गो. असो म्हणजे आसांदे. नुसती इच्छा."

ती चालता चालता थांबली. मग पुन्हा चालू लागली. घरी येऊन तिने चूल पेटवली, पेज शिजत ठेवली, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मी त्येंका आसा म्हणान सांगलंय. जाताना. माका वाटला, ता वोबिस्कुम म्हणजे देव तुमच्यावांगडा आसा, भियाव नका."

ते व्याकरण मला परत गिळता आलं असतं तर!

पुढच्या दोन रविवारी ती मिसाला आली नाही. नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी परडीत पेरलेली नाचणी मीच शिंपत होते. कोवळे कोंब दिवसागणिक उंच होत होते. अंधार पडला की ती दारात बसून खाडीकडे बघत राही. माझाही विश्वास त्या दिवसांत डगमगला. आजवर मी तिच्या विश्वासावरच विसंबून होते, हे मला पहिल्यांदाच कळलं.

मग फादर घरी आले. गोव्याकडचे, वयस्क, गुडघेदुखीने हैराण. माझ्या मायने त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "फादर, तो आसा काय नुसतो आसांदे?"

फादरांना आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"लॅटिनात 'असो' नाही," ते म्हणाले. "आणि 'आहे'सुद्धा नाही. नुसतं 'प्रभू तुमच्याबरोबर' एवढंच. पुढचा शब्द मराठी करणाऱ्यांनी घातला."

"मगे मराठी करणाऱ्यांकाय नक्की ठावक नाय हुता?"

फादर हसले, पण ते हसू टिकलं नाही. "बाई, मीही चाळीस वर्षं ते वाक्य पाठीमागे वळून म्हणत आलो. आता तुमच्या तोंडाकडे बघून मराठीत म्हणतो, तेव्हा माझीच जीभ अडखळते."

तिने त्यांना आणखी पाणी दिलं. ते गेल्यावर ती म्हणाली, "बरो माणूस. खोटा नाय बोललो."

नाताळच्या सकाळी ती दुखवट्याचं काळं लुगडं नेसली आणि माझ्याआधी दारात उभी राहिली. आमची इगर्ज, म्हणजे चर्च, भरलेली होती. मोगरीच्या माळांचा वास, नवीन कपड्यांची सळसळ, मुलांची कुजबुज. फादरांनी हात पसरले. "प्रभू तुम्हांबरोबर असो."

लोकांनी उत्तर द्यायच्या आत, त्या इवल्याशा मोकळ्या जागेत, मायचा आवाज आला. "आसा."

मोठ्याने नव्हे, पण सगळ्यांना ऐकू गेलं. पुढच्या बाकावरच्या बायका वळल्या. माझे कान तापले. फादरांचे हात तसेच पसरलेले राहिले, आणि क्षणभर मला वाटलं, ते पुढचे शब्द विसरले. मग त्यांनी मान किंचित खाली केली आणि मीस पुढे सुरू झालं.

बाहेर शेजारीण म्हणाली, "काय गो, वाडवडलांपासून असा कोण बोलला नाय." माय म्हणाली, "जाताना त्येंका सांगितलेला निभावूक नको?"

तिला खात्री झाली होती का, मला ठाऊक नाही. त्यानंतर काही रविवारी ती पुटपुटल्यासारखं 'आसा' म्हणे, आणि काही रविवारी ओठ मिटून बसे. मी तिला कधी कारण विचारलं नाही. ती गप्प असे त्या दिवशी मात्र घरी येताना मी खाडीच्या बाजूने चालायची, म्हणजे वारा तिला कमी लागे.